आकडा दिसतो, चूक दिसत नाही

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्य पथके घरोघर गेली. मुळशी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर अनेकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रथम पाहिला असेल तो तेव्हाच. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत तो विकत घेतला गेला आणि रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर यांच्या शेजारी घराच्या फडताळात जाऊन बसला. हा बाजार वाढण्यास आमचा विरोध नाही. मात्र ग्राहकाला आकडा मिळतो, त्या आकड्यातील संभाव्य चूक कोणी सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

ऑक्सिमीटर मोजतो तरी काय? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना सुंदर आहे. बोटातून तांबडा (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि अवरक्त (सुमारे ९४० नॅनोमीटर) प्रकाश सोडायचा व नाडीबरोबर दोहोंच्या शोषणात होणाऱ्या बदलांचे गुणोत्तर काढायचे. मात्र या गुणोत्तरावरून ऑक्सिजनची टक्केवारी ठरते ती निरोगी स्वयंसेवकांवर आधी केलेल्या प्रयोगांच्या कोष्टकावरून. हे स्वयंसेवक बहुतांशी गोरे असतील, तर सावळ्या बोटावर कोष्टक चुकू शकते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखवले असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. तेथील औषध प्रशासनाने २०२१ मध्ये सांगितले, की यंत्रावरील ९० म्हणजे प्रत्यक्षात ८६ ते ९४ पैकी काहीही असू शकते.

धरणापलीकडच्या वस्तीतून भर पावसात पौडला रुग्ण न्यायचा की नाही, हे घरची माणसे अशा आकड्यावर ठरवतात. भातलावणी करून आलेले गार हात, थरथरणारे बोट, नखावरचा रंग, हे सारे त्या आकड्यात मिसळते. खोटा धीर देणारा ९५ हा आकडा नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरील विक्रीनफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. हे योग्यच झाले; पण किमतीइतकीच अचूकतेचीही काळजी हवी. खोक्यावर ठळक मराठीत 'चूक अधिक-उणे इतकी' असे छापायला कितीसा खर्च येतो?

प्रयोगशाळेत आपण मुलांना लघुतम माप व मापनातील त्रुटी शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरू देतो. त्याऐवजी वर्गात एक ऑक्सिमीटर आणावा. एकाच बोटाची पाच वाचने घ्यावीत, हात गार पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा पाच घ्यावीत आणि ती फळ्यावर मांडावीत. फरक पडो वा न पडो, एका वाचनावर विसंबू नये हे मुलांना उमगेल. घरी जाऊन ती आजीला एवढे नक्की सांगतील: धाप लागत असेल, तर यंत्र काहीही म्हणो, डॉक्टरांकडे चल.