नावीन्याचे तीस गुण

शिक्षकांच्या उपक्रमांना अनुदान देण्यासाठी आलेले प्रस्ताव तपासायला एका संस्थेने मला एकदा बोलावले. ‘आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी नावीन्यपूर्ण प्रकल्प’ असा विषय होता. शंभरांपैकी तीस गुण नावीन्याला.

एक प्रस्ताव वहीच्या कागदावर हाताने लिहिलेला होता. दिवाळी सरली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी सोळा मुले. त्यांना गावातच ठेवून घ्यायचे, गावातल्या एका म्हातारीने दोन वेळच्या भाकरी थापायच्या, तिला मजुरी द्यायची, धान्य भरायचे. मागणे एवढेच. ‘यात नवीन काय?’ असे कुणीतरी विचारले. त्या रकान्यात मीही पाचच गुण टाकले. अनुदान एका सुबक छापलेल्या, छायाचित्रे लावलेल्या प्रस्तावाला गेले. मी स्वतः वसतिगृहाच्या ताटावर पदवीपर्यंत पोचलेला, घराण्यातला पहिलाच. ते पाच गुण मला अजून टोचतात.

भूक जुनी आहे, तेव्हा तिच्यावरचा उपायही जुनाच असणार. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, ते मुलाला आधी राहायला जागा आणि खायला अन्न हवे म्हणून. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आमच्या समितीने त्यांना नावीन्याचे किती गुण दिले असते?

हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाला निदान बारा रुपये पगार मागितला, मुलांसाठी सक्तीचे शिक्षण मागितले, खालच्या वर्गांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत या वर्गांच्या शाळांना मुळीच लागू पडणार नाही, हेही त्यांनी बजावले. तशा शाळेवर कुणा शिक्षकाचे पोट चालणार नाही, हे त्यांना दिसत होते. तेव्हा निकाल दाखवा म्हणत, आता नावीन्य दाखवा म्हणतात. उद्दिष्टे, फलनिष्पत्ती, मूल्यमापन ही अर्जाची भाषा ज्याच्या घरात तीन पिढ्या कागद आहे त्याला सहज येते. शिवाय ‘आर्थिकदृष्ट्या’ या शब्दात जात अलगद गडप होते. ऊसतोडीच्या हंगामात गावातल्या कोणत्या वस्त्या रिकाम्या होतात, हे अर्जात लिहावे लागत नाही.

आपल्याकडे अनुदान या शब्दाचा साधा अर्थ शाळा चालवण्याचा आणि शिक्षकाच्या पगाराचा पैसा. २००१ साली सरकारने त्याला ‘कायम विनाअनुदानित’ हे विशेषण शोधून काढले. (नावीन्य म्हणायचे तर हेच!) २००९ साली ‘कायम’ हा शब्द गळाला, तरी बिनपगारी शिक्षक पुढे वर्षानुवर्षे उपोषणाला बसतच राहिले. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांच्या लहान मुलींना शाळेत येण्यासाठी १९९२ पासून रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. पुढे दशके उलटली तरी तो एकच रुपया राहिला. पगार आणि भत्ता गोठवायचे आणि वर स्पर्धा भरवून एखाद्याच्या गळ्यात हार घालायचा, म्हणजे हक्काचे बक्षीस करून टाकायचे.

रणजितसिंह डिसले यांचे नाव कुणी पुढे करील. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्यांच्या कामाविषयी मला आदरच आहे. पण पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याचा उपक्रम राज्याने २०१७ मध्ये, म्हणजे पुरस्काराच्या तीन वर्षे आधी, सर्वांसाठी उचलला होता. एका शाळेची गोष्ट सरकारने सगळ्या शाळांची केली, तिचे खरे मोल मला त्यात दिसते. भाकरीच्या बाबतीत हे का होऊ नये?

वहीच्या कागदावर लिहिणाऱ्या त्या शिक्षकाला छापील नकार गेला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना तेव्हाही होती. मग त्या गावात वसतिगृह का नाही, असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. तपासणीच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.