प्रतिपात्र

साहित्यकृतीतील एखाद्या पात्राचे स्वभावविशेष तुलनेने वा विरोधाने उठून दिसावेत, म्हणून त्याच्या शेजारी योजिलेले दुसरे पात्र. कोंदणात रत्नाखाली चकचकीत पातळ पत्रा बसवितात; त्यावरून ही कल्पना इंग्रजी समीक्षेत रूढ झाली. प्रतिनायकाप्रमाणे प्रतिपात्राने नायकाशी वैर धरलेच पाहिजे, असे नाही. परिस्थितीचे काही साम्य मात्र असावे लागते. शेक्सपिअरच्या नाटकात पित्याच्या वधाचा सूड घेण्यास लेअर्टीझ तत्काळ सरसावतो, त्यामुळे हॅम्लेटची चालढकल अधिक जाणवते.

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांच्या एकच प्याला  या नाटकात सिंधू आणि गीता या दोघीही मद्यप्यांच्या बायका. सिंधू सारे सोसते. गीता तळीरामाला फटकळपणे सुनावते. नाटककाराची सहानुभूती उघडच सिंधूकडे आहे. तरीही गीतेला केवळ विनोदाची सोय समजणे अन्यायाचे होईल. सिंधूला दुसरी वाट होती, ही शंका प्रेक्षकाच्या मनात तीच निर्माण करते. भगीरथ व्यसनातून बाहेर पडतो, म्हणून सुधाकराच्या नाशाचे सारे खापर दारूवर फोडता येत नाही.

नायकच नसेल, तर प्रतिपात्र कोणाचे? सीताबर्डी (नागपूर) येथील मॉरिस कॉलेजात शिकलेले महेश एलकुंचवार (१९३९–   ) यांच्या वाडा चिरेबंदी  (१९८५) या नाटकात हा प्रश्न उभा राहतो. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावकर देशपांड्यांचे कुटुंब वैदर्भीय खेड्यातील पडक्या वाड्यात एकत्र येते. गावी राहिलेला भास्कर आणि मुंबईकर सुधीर परस्परांचे उणे दाखवितात. पारडे कोणाचेच कायमचे जड होत नाही. सर्वांत बोचरी जोडी प्रभा आणि रंजू यांची. शिकण्याची तळमळ असलेल्या प्रभेला घराण्याच्या प्रतिष्ठेपायी घरी बसावे लागले. तिच्या भाचीला, अभ्यासाची गोडी नसताना, शिकवणी लाभते आणि ती दागिने घेऊन त्याच मास्तराबरोबर पळते. दोघींपैकी एकीचीही थोरवी यातून उजळत नाही. दिसते ती वाड्याची रीत. चंदू मात्र कोणत्याही जोडीत बसत नाही. तो निमूटपणे राबतो, आणि त्याच्या जखमी पायाकडे लक्ष गेले की इतरांची गाऱ्हाणी काही काळ तरी क्षुल्लक वाटू लागतात.