पूर्वपक्षाची उपेक्षा

मुलांच्या शैक्षणिक दूरचित्रवाणीचें समर्थन करणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले. बहुतेकांत पूर्वपक्ष इतका दुबळा उभा केलेला असतो कीं, त्याच्या खंडनांत कसलाच पुरुषार्थ नाहीं. डोळे बिघडतात, वेळ जातो, एवढेंच जणू प्रतिपक्षाचें म्हणणें! अमेरिकेंत १९६९ सालीं सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमावरील खरा आक्षेप याहून खोल आहे. नील पोस्टमन यांनीं १९८५ सालच्या आपल्या ग्रंथांत म्हटलें कीं, त्यानें मुलांस शाळेची गोडी लागते ती शाळा त्या कार्यक्रमासारखी असेल तरच. (नकला केल्यावांचून वर्ग ऐकत नाहीं, हा अनुभव आम्हां अध्यापकांस अपरिचित नाहीं.) 'मुलें अक्षरें शिकलीं' हें त्यास उत्तर नव्हे, त्यांचा वाद अक्षरांविषयीं नव्हताच.

त्यापूर्वीं, १९७५ सालीं, थॉमस कुक प्रभृतींनीं पहिल्या चाचण्यांचे आंकडे पुन्हा तपासले. कार्यक्रम पाहण्यास ज्यांना मुद्दाम उत्तेजन दिलें होतें, त्यांचीच प्रगति विशेष दिसली. नुसत्या पाहण्याचें फळ थोडें. आमचा कल समर्थनाकडेच आहे. परंतु हें कबूल करून, मुलाशेजारीं बसणाऱ्या वडील माणसाची सोय गरीब घरीं कशी व्हावी, हें सांगणारा लेख आमच्या अद्याप पाहण्यांत नाहीं.