ओज कोणाचे? पेट्रा या वाद्यवृंदाच्या 'जेकिल अँड हाइड' या गीतसंग्रहाचे परीक्षण

बीजसंज्ञा : ओजगुण, ख्रिस्ती रॉक संगीत, पेट्रा, द्विधा मन, गजर

प्रस्तावना

विदर्भातील ढाणकीसारख्या गावात राहून मराठीचे अध्यापन करणाऱ्याने अमेरिकेतील ख्रिस्ती रॉक संगीतावर लिहावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. त्यामुळे या लेखामागील निमित्त आधी सांगणे आवश्यक वाटते. पदवी वर्गाला काव्यगुण शिकविताना ओजाचे उदाहरण म्हणून आपण बहुधा पोवाड्याकडे वळतो. डफाची थाप, जोडाक्षरांचा खडखडाट, वीररस, आणि तास संपतो. इंग्रजी विभागातील एका सहकाऱ्याने दिलेल्या पेट्राच्या सीडीतील एक गीत मी एकदा याच तासाला ऐकविले. गीत संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, देवाचं गाणं आहे ना? मग ते इतकं रागावलेलं का?" त्या वेळी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. तिचा प्रश्न मात्र साधा नव्हता. भक्तीच्या ठिकाणी उग्र नादाला स्थान आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या अटीवर, हा साहित्यशास्त्राचाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात पेट्राच्या २००३ मधील 'जेकिल अँड हाइड' या गीतसंग्रहाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

खडकाची वाटचाल

गिटारवादक व गीतकार बॉब हार्टमन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात, फोर्ट वेन येथे पेट्राची स्थापना केली. 'पेट्रा' या ग्रीक शब्दाचा अर्थ खडक. बायबलमधील खडक आणि संगीतातील रॉक असा दुहेरी अर्थ या नावात आहे. हा श्लेष त्यांना पुढेही उपयोगी पडला. लोक गप्प राहिले तर धोंडे ओरडतील, या लूकच्या शुभवर्तमानातील वचनावर त्यांनी १९८९ मधील उपासनागीतांच्या संग्रहाचे नाव बेतले होते.

पेट्रा 'मूळच्या जड नादाकडे परतली' असे म्हणताना तो मूळ नाद नेमका कोणता, हे पाहिले पाहिजे. १९७४ चा पहिला संग्रह आणि विशेषतः १९७७ चा 'कम अँड जॉइन अस' गिटारच्या जोरावर उभे होते. १९७९ च्या संग्रहात तो जोर ओसरला. १९८१ मध्ये लोकप्रियता मिळाली ती 'द कलरिंग साँग' या अत्यंत मृदू गीतामुळे. १९८४ च्या 'बीट द सिस्टिम'मध्ये विद्युत कळफलकाचे राज्य होते. १९८६ मध्ये ग्रेग व्होल्झ यांच्या जागी जॉन श्लिट हे गायक आले आणि गिटारला पुन्हा मान मिळाला. 'धिस मीन्स वॉर!' (१९८७), 'ऑन फायर!' (१९८८) आणि 'बियाँड बिलीफ' (१९९०) हे या काळातील संग्रह होत. यांपैकी शेवटच्या संग्रहाला ग्रॅमी पारितोषिक लाभले. १९९० नंतरच्या दशकात उपासनागीतांची चलती वाढली. १९९७ मध्ये उपासनागीतांचा दुसरा संग्रह, २००० मध्ये जुन्याच गीतांची सौम्य वाद्यांवरील आवृत्ती, २००१ मध्ये 'रिव्हायव्हल' हा पुन्हा उपासनेचा संग्रह, अशी पेट्राची वाट क्रमाने मवाळ होत गेली.

थोडक्यात, पेट्राचा इतिहास हा एका दिशेने झालेल्या ऱ्हासाचा नाही. तो हेलकाव्यांचा आहे, आणि 'परतणे' ही या वाद्यवृंदाची जुनीच सवय म्हणता येईल. २००३ मध्ये हार्टमन आणि श्लिट हे दोघेही त्रेपन्न वर्षांचे होते. या वयात कलावंत सहसा आवाज खाली आणतो. त्यांनी तो चढविला, म्हणून या परतीची दखल घ्यावीशी वाटते.

गुण देहाचा की आत्म्याचा?

रॉकच्या नादाला धर्मकार्यात जागाच नाही, असे मानणारा एक प्रबळ पक्ष अमेरिकेत होता. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ मध्ये पुस्तक लिहून धार्मिक रॉकला मेंढराच्या वेषातील लांडगा ठरविले. (रॉक अँड रोलचे आद्य गायक जेरी ली लुइस हे स्वॅगर्ट यांच्या जवळच्या नात्यातील होते. घरातील भांडण पुष्कळदा तत्त्वज्ञानाचा वेष घेते.) रॉकच्या ध्वनिमुद्रिका उलट्या फिरविल्यास सैतानाचे संदेश ऐकू येतात, असाही प्रवाद त्या काळी होता. पेट्राने १९८२ च्या 'मोअर पॉवर टु या' या संग्रहातील एका गीताच्या आरंभी मुद्दाम एक उलटे वाक्य घातले. ते सुलटे करून ऐकणाऱ्यास, देवाला शोधायचे सोडून सैतानाला कशाला शोधत बसलास, असा टोला मिळे. विरोधकाला त्याच्याच हत्याराने गप्प करण्याची ही रीत आपल्या भारूडकारांना निश्चित आवडली असती.

तथापि हा विनोद मूळ आक्षेपाचे उत्तर नव्हे. ते उत्तर, माझ्या मते, मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त सापडते. आठव्या उल्लासात मम्मट माधुर्य, ओज आणि प्रसाद हे तीनच गुण मानतो. माधुर्याने चित्त द्रवते, ओजाने ते दीप्त होते, विस्तारते. इथपर्यंतचे विवेचन आपण वर्गात सांगतो. पुढचे बहुधा राहून जाते. मम्मटाच्या मते गुण हे रसाचे धर्म आहेत, अक्षरांचे नव्हेत. शौर्य हा आत्म्याचा धर्म असतो, शरीराचा नसतो. तरीही धिप्पाड देह दिसला की लोक त्याला शूर म्हणून मोकळे होतात आणि किरकोळ अंगाच्या शूराला भित्रा समजतात. कठोर वर्ण ऐकताच ओज आहे असे मानणे ही त्याच जातीची चूक होय.

हा दृष्टांत संगीताला लावला तर दोन्ही पक्षांचे दोष एकदम उघडे पडतात. जड गिटार म्हणजे पाप, असे म्हणणारे प्रवचनकार देह पाहून निवाडा देतात. जड गिटार म्हणजे अस्सलपणा, असे म्हणणारा रसिकही देहच पाहतो. विचारावयाचे ते एवढेच की, या धिप्पाड नादाच्या आत दीप्त होणारे काही आहे काय?

'जेकिल अँड हाइड'

या संग्रहाचे निर्माते होते न्यूजबॉइज या वाद्यवृंदातील पीटर फर्लर आणि जेसन बर्कम. ड्रमवादनही फर्लर यांनी स्वतः केले. दहा गीते, एकूण अवधी सुमारे अर्धा तास. कळफलकाचा गोडवा पार मागे पडला आहे. गिटारचा आवाज जाड, भरीव आणि अंगावर येणारा आहे. गीते आटोपशीर आहेत. ऐंशीच्या दशकातील पेट्रा प्रास्ताविकात बराच वेळ घेत असे. येथे गीत पहिल्याच ठोक्याला विषयाला भिडते.

शीर्षकगीत हा या संग्रहाचा प्राण आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची १८८६ मधील कादंबरिका सर्वपरिचित आहे. सज्जन डॉक्टर जेकिल रसायनाच्या योगे आपल्यातील दुष्ट अंश वेगळा काढतो आणि अखेर तो अंशच त्याला गिळतो. स्टीव्हन्सनने एक बारकावा फार मार्मिकपणे योजला आहे. हाइड आरंभी जेकिलपेक्षा अंगाने लहान असतो, कारण तोवर त्याला वापर मिळालेला नसतो. पुढे मोकळीक मिळत जाते तसा तो वाढतो. हार्टमन यांनी ही कथा संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील सातव्या अध्यायाशी जोडली. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे नको तेच घडते, ही पौलाची कबुली आहे. येथे शत्रू बाहेर नाही. 'धिस मीन्स वॉर!'मध्ये युद्ध सैतानाशी होते आणि भक्त सुरक्षित बाजूला उभा होता. येथे रणांगण भक्ताच्या मनात आहे.

मराठी वाचकाला ही जागा ओळखीची आहे. तुकोबांच्या अभंगांत मनाशी चाललेले अहोरात्र युद्ध आहे, स्वतःच्या दोषांची झाडाझडती आहे आणि ती करताना भाषेला मुळीच मऊपणा नाही. अपराध्याने स्वतःवरच उगारलेला तो हात आहे. अशा रसाला माधुर्य पेलत नाही. म्हणून शीर्षकगीतातील गिटारचा उग्रपणा मला देहाचा वाटत नाही, गुणाचा वाटतो. दोन स्वभावांची झटापट सांगणाऱ्या गीताने झटापटीसारखेच ऐकू यावे, यात औचित्य आहे.

श्लिट यांचा कंठ याला आणखी एक आधार देतो. पेट्रात येण्यापूर्वी ते हेड ईस्ट या लौकिक रॉक वाद्यवृंदाचे गायक होते. मद्य आणि कोकेनच्या व्यसनापायी १९८० मध्ये त्यांना तेथून काढण्यात आले. त्यानंतर ते श्रद्धेकडे वळले. चरित्रावरून कलाकृतीचे मोल ठरवू नये, हे खरे. पण दुसरा स्वभाव म्हणजे काय, हे या गायकाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, आणि त्याच्या स्वरातील खरखर ऐकताना ते जाणवते.

माझा मतभेद पुढील गीतांशी आहे. 'स्टँड'सारख्या गीतात खंबीर उभे राहण्याचा उपदेश आहे. उपदेश करणारा आतून विभागलेला नसतो, त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. तरीही नाद तोच राहतो. 'वुड, कुड, शुड' या तीन क्रियापदांवर खेळणाऱ्या पश्चात्तापाच्या गीतात शब्दखेळाची चतुराई अनुतापापेक्षा अधिक लक्ष वेधते. अशा ठिकाणी नाद जड आहे, पण दीप्ती नाही. धिप्पाड देह तेवढा समोर येऊन उभा राहतो.

गजर

आपल्याकडील भजनाची रचना येथे आठवते. वारकरी भजन आरंभीच टिपेला जात नाही. अभंग संथपणे उलगडतो, टाळ-मृदंगाची लय हळूहळू चढते आणि मग गजर होतो. तो गजर सर्वांत जड, पण त्याआधीच्या अभंगाने तो कमावलेला असतो. पैनगंगेपलीकडे माहूरला रेणुकेच्या गोंधळातील संबळ ज्याने ऐकली आहे, त्याला उग्र नाद आणि भक्ती यांच्या नात्याबद्दल कोणा प्रवचनकाराचा दाखला लागणार नाही. मात्र त्या संबळीमागे रात्रभराचे आख्यान असते. 'जेकिल अँड हाइड' गजरापासून सुरू होतो आणि बहुतांशी गजरातच राहतो. 'आय विल सीक यू'सारख्या एखाद्या ठिकाणी थोडा विसावा आहे, पण तो पुरेसा नाही. सलग ऐकताना पाचव्या-सहाव्या गीतापाशी कान सरावतो, आणि सरावलेल्या कानाला ओज जाणवत नाही. उग्रतेचे हे मोठे संकट आहे. पोवाड्यात शाहीर मध्येच गद्यात बोलतो, त्याचे एक कारण हेही असावे.

रूपाचा हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्यालाही नवा नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले ते ओवीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली. त्यांना उसन्या चालीतील भाषांतरित गीतांपेक्षा येथल्या मातीचा नाद जवळचा वाटला. टिळकांचा अभंग आणि हार्टमन यांची गिटार यांत ध्वनीचे काहीच साम्य नाही. पण आपल्या लोकांच्या कानाला जे सहज आहे त्यातूनच श्रद्धा बोलली पाहिजे, ही धारणा दोघांची एकच दिसते. टिळकांचे प्रभुत्व माधुर्यावर होते. ओजाची वाट मराठी ख्रिस्ती गीताने पुढे किती चोखाळली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे आणि एखाद्या अभ्यासकाने तो अवश्य घ्यावा.

पेट्राने या संग्रहानंतर फार काळ वाट चालविली नाही. २००५ मध्ये 'फेअरवेल' या नावाने निरोपाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि त्या वर्षाअखेर वाद्यवृंदाने निवृत्ती घेतली. निवृत्तीचाही हेलकावाच ठरला. २०१० मध्ये जुने सवंगडी 'बॅक टु द रॉक' घेऊन पुन्हा एकत्र आले, तेव्हा गायक होते व्होल्झ. स्ट्रायपर या दुसऱ्या ख्रिस्ती वाद्यवृंदाचेही असेच झाले. १९९२ मध्ये फुटून तो २००३ मध्ये पुन्हा जुळला आणि २००५ च्या 'रिबॉर्न'मध्ये अधिक जड झाला. पण स्ट्रायपरने दुसऱ्या स्वभावाविषयी इतक्या उघडपणे बोलणारे गीत दिल्याचे मला आढळले नाही.

त्या विद्यार्थिनीला नंतर मी शीर्षकगीताचा आशय मराठीत सांगितला आणि पुन्हा एकदा ते ऐकविले. ती म्हणाली, "म्हणजे तो देवावर नाही, स्वतःवर रागावलाय." मग तिने सीडीतील पुढचे गीत लावायला सांगितले. ते ऐकून ती म्हणाली, "हा मात्र आमच्यावर रागावलाय."