आडवाटेचे औचित्य

कथावस्तूचे आधिकारिक आणि प्रासंगिक असे दोन भेद आपल्या नाट्यशास्त्रकारांनी केले, आणि प्रासंगिक वस्तूचेही पताका व प्रकरी असे दोन प्रकार मानले. मुख्य कथेबरोबर दूरवर चालत जाते ती पताका. थोड्या अंतरावरच संपून जाते ती प्रकरी. रामकथेतील सुग्रीवाचा वृत्तांत हे पताकेचे परिचित उदाहरण. धनंजयाच्या ‘दशरूपका’त आलेली ही व्यवस्था अर्थातच नाटकासाठी आहे. तेथे प्रेक्षकाला आपल्या इच्छेने आडवाटेला वळता येत नाही. कवी नेईल तिकडे त्याने जायचे. परंतु वळावे की न वळावे हे जेथे रसिकानेच ठरवायचे असते, तेथे या भेदाचे काय होते? व्हिडिओ गेम या कलाप्रकाराने हा प्रश्न उभा केला आहे, आणि तो टीकाशास्त्राने टाळावा इतका क्षुल्लक नाही.

विवेचनासाठी मी वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा २०१५ साली प्रसिद्ध झालेला खेळ घेतो. आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाची पहिली विचरकथा १९८६ साली एका मासिकात आली. तिच्यापासून वाढत गेलेल्या कथा-कादंबऱ्यांतील पात्रे आणि प्रदेश यांवर हा खेळ आधारलेला आहे. गेराल्ट हा नायक वेतन घेऊन राक्षसांचे पारिपत्य करणारा भटका व्यावसायिक आहे. सिरी ही त्याची मानसकन्या. मृत्युदूतांसारखे स्वार तिच्या पाठीवर आहेत आणि तिला शोधून काढणे ही मुख्य कथा. तिच्या सभोवती अनेक लहानमोठी कामे विखुरलेली आहेत. खेळणारे त्यांना साइड क्वेस्ट म्हणतात. आपण उपमोहीम म्हणू.

येथे पहिला आक्षेप सहज सुचतो. मुलीच्या प्राणावर बेतले असताना बापाने वाटेतल्या खेड्यात थांबून कोणाची तरी विहीर साफ करून द्यावी, सराईत बसून पत्ते खेळावेत, यात औचित्य कोणते? मुख्य कथेची त्वरा आणि उपमोहिमांची निवांत गती यांत विरोध आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही हा विरोध जितका वाटतो तितका घातक ठरत नाही, आणि याचे कारण नायकाच्या व्यवसायात आहे. राजपुत्राने आडवाटेला जावे तर त्यासाठी निमित्त शोधावे लागते. पोटासाठी भटकणाऱ्याची तीच रोजची वाट असते. गेराल्ट मोबदल्याची घासाघीस करतो, प्रसंगी रुसतो, प्रसंगी घेतलेले पैसे परतही करतो. येथील एकसूत्रता घटनांच्या साखळीत शोधू गेल्यास सापडणार नाही. ती नायकाच्या वृत्तीत, म्हणजे वृत्ती या शब्दाच्या दोन्ही अर्थांत आहे.

व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच प्रदेशातील विहिरीचे उदाहरण पाहा. एका शेतकऱ्याला आजारी मुलीसाठी स्वच्छ पाणी हवे आहे. पण ओसाड वस्तीतल्या त्या विहिरीवर भर दुपारी एक पिशाच्च वावरते. शोध घेता घेता कळते की, त्या वस्तीवर पूर्वी घोर अत्याचार झाला होता. विहिरीतले अवशेष आणि एक कंकण यांचे दहन केल्याशिवाय त्या स्त्रीला मुक्ती नाही. पोलिश लोकसमजुतीतील ‘पोवुद्नित्सा’ ती हीच. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मला अनुवादकाची नेहमीची अडचण आली नाही. ‘दुपारी बाराला विहिरीपाशी जाऊ नकोस’ ही ताकीद ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला मध्यान्हीची हडळ समजावून सांगावी लागत नाही. पण अनुवाद शब्दाचा झाला तरी आशय वेगळाच आहे: येथे भय पिशाच्चाचे कमी, ज्या माणसांनी तिला पिशाच्च केले त्यांचे अधिक.

याच प्रदेशात एक म्हातारी गेराल्टला आपला तवा परत आणून द्यायला सांगते. परक्या माणसाने तो नेला आणि झोपडीचे दार लावून घेतले, एवढीच तिची तक्रार. दार मोडून आत जावे तर प्रेत पडलेले, आणि तवा मात्र लखलखीत. त्याची काजळी खरडून कोणी तरी लिहिण्यासाठी शाई केली होती! म्हातारीला तवा मिळतो, ती समाधानाने निघून जाते. युद्धाचे राजकारण आणि चुलीचे राजकारण एकाच भांड्यात दाखवणारी ही प्रकरी चार-दोन मिनिटांत आटोपते. सेनापतींच्या संवादांतून युद्धाचे जे रूप मनावर ठसत नाही, ते येथे ठसते.

कीरा मेट्झ या चेटकिणीने सांगितलेली बेटावरच्या मनोऱ्याची मोहीम अधिक लांबीची आहे. उंदरांनी खाल्लेल्या अ‍ॅनाबेल या तरुणीचे भूत आपल्या अस्थी प्रियकराकडे पोचवण्याची विनंती करते. क्रुश्वित्सा येथील मनोऱ्यात उंदरांनी खाल्लेल्या पोपिएल राजाची पोलिश दंतकथा यामागे उभी आहे. मात्र तेथे दुष्ट राजाला शासन होते, येथे निरपराध मुलगी बळी पडते. करुणा वाटून अस्थी नेऊन दिल्या तर प्रियकर प्राणाला मुकतो आणि रोगराई पसरवणारे पिशाच्च मोकळे होते. संशय घेऊन प्रियकरालाच मनोऱ्यात आणले तर शाप सुटतो. त्याचे मरण मात्र टळत नाही. कीरेचा धागा पुढे मुख्य कथेलाही मिळू शकतो: नायकाने तिचे मन वळवले तर ती केर मोरेनच्या लढाईत त्याच्या बाजूने उभी राहते. म्हणजे एकच उपकथा रसिकाच्या निर्णयानुसार पताका ठरते किंवा प्रकरीच राहते. ही शक्यता धनंजयापुढे नव्हती.

नलदमयंतीचे आख्यान ऐकताना आपण व्यथित होतो, परंतु नलाच्या द्यूताला जबाबदार नसतो. येथे कोणी बोलावले नसता आपण त्या मनोऱ्यात गेलो, दया केली आणि एक माणूस मेला. मुख्य कथेत आपण जे करतो ते प्राप्त कर्तव्य म्हणून. आडवाटेला जातो ते स्वेच्छेने. म्हणून तिथला दोष आपल्या पदरात अधिक पडतो. उपमोहिमेचे खरे सामर्थ्य मला या स्वेच्छाजन्य दायित्वात दिसते.

दोष सांगितल्याशिवाय हे विवेचन एकांगी ठरेल. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशावर प्रश्नचिन्हे पेरून ठेवली आहेत. शिडाची होडी हाकत जावे, पाण्यात बुडवलेला माल काढावा, घिरट्या घालणाऱ्या सागरकन्यांना मारावे आणि पुढच्या चिन्हाकडे वळावे. येथे कथा नाही, माणूस नाही; केवळ भरताड आहे. दुसरा दोष अधिक गंभीर. मुख्य कथा विशिष्ट टप्प्यापुढे गेली की काही उपमोहिमा निष्फळ होतात, हे योग्यच. पण बऱ्याच तशाच वाट पाहत राहतात. विहिरीचे पाणी मागणाऱ्या बापाकडे आपण महिनाभराने गेलो तरी त्याची मुलगी तितकीच आजारी असते. गेल्याने अपराध घडू शकतो, न गेल्याने घडत नाही. ज्या कलेने आपल्याला जबाबदार केले, तिनेच अशी सवलत द्यावी, ही तिची मोठी उणीव आहे.

तरीही समुद्रातली ती चिन्हे आज आठवत नाहीत आणि घासलेला तवा आठवतो. प्रासंगिक वस्तूची कसोटी मुख्य कार्याला होणाऱ्या साहाय्यावरून लावण्याची आपली परंपरा आहे. या खेळातील उत्तम उपमोहिमा तिच्याबरोबर दुसरीही कसोटी सुचवतात: त्या वाटेने गेलेला माणूस मुख्य वाटेवर परतला, तेव्हा तो पूर्वीचाच राहिला होता काय?