बहुबैठकी कथेचे नियोजन : नामदेवकृत चरित्रत्रयी, सप्ताह-परंपरा आणि भूमिकाखेळ — एक तौलनिक चिकित्सा

सारांश

एकाच कथेचा विस्तार अनेक बैठकांमध्ये करावयाचा असेल तर तिचे नियोजन कसे असावे, हा प्रश्न अलीकडे टेबलावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांच्या संदर्भात चर्चिला जातो. मराठी परंपरेत हा प्रश्न नवा नाही. पोथीवाचन, पारायण व अखंड हरिनाम सप्ताह या संस्थांनी त्याची उत्तरे व्यवहारातून सिद्ध केली आहेत. प्रस्तुत लेखात नामदेवांच्या नावावर असलेली ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ ही प्रकरणे, गुरुचरित्राचे साप्ताहिक पारायण आणि पाश्चात्त्य भूमिकाखेळांतील दोन प्रसिद्ध मोहिमा यांची तुलना करून, नियोजन कोठे असावे व कोठे नसावे याची चिकित्सा केली आहे.

प्रास्ताविक

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. कयाधू नदीकाठचे नर्सी हे नामदेवांचे परंपरेने मानले गेलेले जन्मस्थान आणि विसोबा खेचर यांच्या कथेशी निगडित औंढा नागनाथ ही दोन्ही क्षेत्रे या जिल्ह्यात येतात. येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कथाशास्त्राचे ग्रंथ वाचलेले नसतील. परंतु सात दिवस चालणारी कथा त्याने गावातील मंडपात बसून ऐकलेली असते. कथेच्या दीर्घ बांधणीचा विचार या अनुभवापासून सुरू करणे अध्यापनाच्या दृष्टीनेही सोयीचे आहे.

भूमिकाखेळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात चार-पाच खेळाडू टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन परिस्थितीचे वर्णन करतो. खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात. जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फाशांचा कौल घेतला जातो. एक बैठक तीन-चार तासांची असते आणि अशा अनेक बैठका मिळून जी दीर्घ कथा घडते तिला युद्धखेळांतून आलेल्या शब्दाने ‘कॅम्पेन’, म्हणजे मोहीम, म्हणतात. कादंबरीकाराला न पडणारा प्रश्न येथे सूत्रधारापुढे उभा राहतो. ज्या कथेतील नायकांच्या कृती आपल्या हाती नाहीत, तिचे नियोजन करावयाचे म्हणजे नेमके कशाचे?

गुरुचरित्र : बैठकीचे माप

सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राच्या सप्ताह-पारायणाची एक प्रचलित विभागणी अशी आहे : पहिल्या दिवशी ९ व्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी २९, चौथ्या दिवशी ३५, पाचव्या दिवशी ३८, सहाव्या दिवशी ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. म्हणजे दुसऱ्या दिवशी १२ अध्याय वाचले जातात, तर पाचव्या दिवशी केवळ ३. ही विषमता सदोष वाटण्याचा संभव आहे. तथापि ३६ व ३७ हे आचारधर्माचे निरूपण करणारे विस्तृत अध्याय आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे विभागणीमागील दृष्टी स्पष्ट होते. येथे माप अध्यायसंख्येचे नसून वाचकाच्या बैठकीचे आहे. कथेचे तुकडे समान संख्येने पाडण्याऐवजी बैठकीला पेलेल एवढा ऐवज तिच्यात घालावा, हा नियोजनाचा पहिला धडा या पारायणात मिळतो.

दुसरी बाब कथनपद्धतीची. गुरुचरित्रात सिद्धमुनी कथा सांगतात आणि नामधारक ऐकतो. परंतु नामधारक निमूट श्रोता नाही. तो प्रश्न विचारतो, पुढे काय झाले ते सांगण्याची विनंती करतो, आणि त्याच्या पृच्छेतून पुढील अध्यायाचे दार उघडते. ग्रंथाच्या अखेरीस अवतरणिका येऊन संपूर्ण कथेची उजळणी होते. श्रोत्याच्या प्रश्नावर पुढील बैठक उभारणे आणि झालेल्या कथेची उजळणी करणे ही दोन्ही तंत्रे आजचा प्रत्येक जाणता सूत्रधार वापरतो. भेद एवढाच की, नामधारकाचे प्रश्न कवीने लिहिलेले आहेत, टेबलावरील खेळाडूचे प्रश्न कोणीही लिहिलेले नसतात. हा भेद लहान नाही. पुढील विवेचन त्याच्याभोवतीच फिरते.

सप्ताह : चौकट निश्चित, आशय मोकळा

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा, ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन आणि जागर हा क्रम ठरलेला असतो. वीणा खाली ठेवला जात नाही. त्यासाठी पहारे लावलेले असतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि त्यात कृष्णाच्या बाललीलांचे अभंग घेतले जातात. एवढे निश्चित असते. मधल्या रात्री मात्र बहुधा दररोज वेगळे कीर्तनकार येतात आणि कोणता अभंग निरूपणास घ्यावयाचा हे ज्याचे तो ठरवितो.

या रचनेचे दोन गुण नोंदविण्यासारखे आहेत. एक, प्रत्येक कीर्तन स्वयंपूर्ण असते. तिसऱ्या दिवशी प्रथमच आलेला पाहुणा गोंधळून जात नाही आणि पाचव्या दिवशी शेतात अडकलेला श्रोता सहाव्या दिवशी परका ठरत नाही. दीर्घ मोहिमा बहुधा कथानकाच्या दोषामुळे मोडत नाहीत. एखादा खेळाडू दोन बैठकांना येऊ शकला नाही म्हणजे त्याचा धागा तुटतो आणि मग इतरांचाही उत्साह ओसरतो. प्रत्येक बैठकीत एक प्रश्न उभा राहावा व त्याच बैठकीत त्याची काही तड लागावी, हे पथ्य सप्ताहाने सहज सांभाळले आहे. दुसरा गुण असा की, काला ठरलेला असल्यामुळे मधल्या रात्रींची विविधता विस्कळीत वाटत नाही. शेवट माहीत असणे हे येथे कुतूहलाला मारक ठरत नाही, तर पूर्ततेचे आश्वासन ठरते.

कीर्तनकाराच्या पूर्वतयारीचे साधन म्हणजे बाड. ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांनी नामदेवपरंपरेवरील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या बाडांकडे विशेष लक्ष वेधले आहे. बाड हे संहिता नव्हे, प्रयोगाची सामग्री होय. त्यात निरनिराळ्या संतांचे अभंग व प्रसंग हाताशी असतात. त्यांतून काय निवडावे हे कीर्तन चालू असताना ठरते. सूत्रधाराची टिपणवही अशी असावी. पुढे काय होईल याचा वृत्तान्त तिच्यात आगाऊ लिहून ठेवण्यात हशील नाही. लागेल ते चटकन सापडेल असा साठा तिच्यात हवा.

चरित्रत्रयी : ठरलेली तिथी

नामदेवगाथेतील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या प्रकरणांतून ज्ञानदेवांचे चरित्र उभे राहते. गाथेतील सर्व अभंग एकाच नामदेवांचे मानावेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु रचनेच्या विचाराला त्यामुळे बाध येत नाही. ‘आदि’मध्ये विठ्ठलपंतांचा संन्यास, पुनश्च गृहस्थाश्रम व भावंडांची परवड येते, ‘तीर्थावळी’त ज्ञानदेव व नामदेव यांची तीर्थयात्रा, आणि ‘समाधी’त शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६, च्या कार्तिक वद्य त्रयोदशीचा आळंदीतील निरोप. प्रत्येक अभंग नाममुद्रेने पुरा होतो आणि तरीही पुढच्या अभंगाला जोडलेला राहतो. सप्ताहातील बैठकीचे जे स्वरूप वर पाहिले, तेच येथे अभंगाच्या पातळीवर दिसते.

‘तीर्थावळी’तील विहिरीचा प्रसंग या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. मरुभूमीत दोघे तहानेने व्याकूळ होतात. विहीर आहे, पण पाणी फार खोल आहे. ज्ञानदेव योगसामर्थ्याने पाण्यापर्यंत जातात; नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर भरून वाहू लागते. परंपरेने या प्रसंगातून भक्तीचे श्रेष्ठत्व काढले आहे. रचनेच्या अंगाने पाहता त्याचा विशेष निराळा आहे. कवीने अडचण एक ठेवली आणि दोन पात्रांना आपापल्या स्वभावानुसार दोन मार्गांनी तिला भिडू दिले. अडचण प्रवासातून आली आणि उत्तर पात्राच्या पिंडातून आले. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराने नियोजन करावे ते अशा विहिरीचे. पाणी कसे वर येईल हे आधीच ठरवून टाकले की पात्रांच्या भिन्नतेला काही अर्थ उरत नाही.

‘समाधी’ प्रकरणाचे सामर्थ्य याहून वेगळे आहे. तेथे तिथी ठरलेली आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांचा शोक ती पुढे ढकलू शकत नाही. असे असूनही प्रकरण कंटाळवाणे होत नाही, कारण प्रत्येक पात्र त्या तिथीकडे निरनिराळ्या मनःस्थितीत जाते : निवृत्तिनाथ गुरू व थोरला भाऊ या दोन नात्यांत सापडलेले, मुक्ताबाई व सोपान भावंडाच्या वियोगाने हललेले, नामदेव सख्याला मुकणारे. घटना निश्चित आहे. तिचा अर्थ प्रत्येकाला स्वतः शोधावा लागतो.

दोन मोहिमांची तुलना

हा निकष पाश्चात्त्य भूमिकाखेळांना लावून पाहता १९८४ हे वर्ष उद्बोधक ठरते. त्या वर्षी ‘ड्रॅगनलान्स’ ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची महत्त्वाकांक्षी मालिका सुरू झाली. ट्रेसी हिकमन व मार्गारेट वाइस यांची त्याच विश्वावरील कादंबरीही त्याच वर्षी निघाली. मालिकेत पात्रे आधीच घडवून दिलेली होती. एवढेच नव्हे, तर कथेला पुढे लागणारे पात्र मेलेच, तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्याला परत आणता येईल, अशी सूचना सूत्रधाराला होती. परिणामी कथेला महाकाव्याची भव्यता लाभली. परंतु खेळाडूच्या निर्णयाचे मोल घटले. ज्या पात्राला कथेच्या सोयीसाठी मरता येत नाही, त्याच्या शौर्यालाही फारसा अर्थ राहत नाही. आखलेल्या रुळांवरून खेळाडूंना नेण्याच्या या प्रकाराला खेळणाऱ्यांच्या परिभाषेत ‘रेलरोडिंग’ असे नाव आहे.

त्याच वर्षी लॅरी डिटिलिओ यांची ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयखेळाची मोहीम प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये एका मित्राचा खून होतो आणि तेथे सापडलेले दुवे लंडन, कैरो, केनिया व शांघाय यांकडे निर्देश करतात. आधी कोठे जावयाचे हे खेळाडू ठरवितात. मात्र १४ जानेवारी १९२६ चे खग्रास सूर्यग्रहण ठरलेले आहे आणि शत्रूचा बेत त्या दिवशी पुरा व्हावयाचा आहे. तिथी निश्चित, मार्ग मोकळा. ‘समाधी’ प्रकरणाशी असलेले हे रचनासाम्य केवळ योगायोगाचे असले तरी अर्थपूर्ण आहे. दोन्ही ठिकाणी काळाचे बंधन कथेला ओढ देते आणि पात्रांचे स्वातंत्र्य तिला आशय देते. फरक असा की, समाधी टळत नाही, ग्रहणाच्या दिवशीचा बेत मात्र खेळाडू उधळू शकतात.

संस्कृत नाट्यशास्त्रातील पंचसंधी, म्हणजे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण, बैठकांवर जसेच्या तसे बसविण्याचा मोह येथे होऊ शकतो. परंतु संधींची कल्पना एक नायक व त्याचे एक फल गृहीत धरते. टेबलाभोवती पाच नायक असतात आणि प्रत्येकाचे फल निराळे असते. म्हणून संधी हे झालेल्या मोहिमेचे मागाहून परीक्षण करण्यास उपयुक्त असले, तरी आगाऊ आराखडा म्हणून त्यांचा वापर ‘ड्रॅगनलान्स’च्याच दोषाकडे नेतो.

तुलनेची मर्यादा

कीर्तन आणि भूमिकाखेळ यांची तुलना एका टप्प्यापलीकडे टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. सप्ताहातील श्रोता कथा बदलत नाही. बदलावी अशी त्याची इच्छाही नसते. कथेतील सत्यावर त्याची श्रद्धा असते. खेळातील सहभागी मात्र कथेचा अंशतः कर्ता असतो. कीर्तनकाराचा अधिकार परंपरेतून येतो, सूत्रधाराचा अधिकार केवळ खेळाडूंच्या संमतीतून. संमतीवर उभा असलेला अधिकार जो परंपरेच्या थाटात वापरतो, तो सहभागी मित्रांना श्रोते करून सोडतो. उलट, खेळाडूंना पूर्ण मोकळीक द्यावी म्हणून काहीच निश्चित न करणारा सूत्रधार चार-पाच बैठकांत कथा हरवून बसतो. काला नसलेला सप्ताह केवळ सात कीर्तनांची बेरीज ठरेल.

औंढा नागनाथची आख्यायिका या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. देवळासमोरून हुसकावलेले नामदेव मागील बाजूस जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराला हीच वृत्ती लागते. खेळाडू ज्या बाजूला जाऊन बसतील तिकडे देवळाचे तोंड करण्याची तयारी असावी; देऊळ मात्र मुळात बांधलेले असले पाहिजे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. बैठकीचे माप कथेच्या प्रकरणांवरून न ठरविता सहभागींच्या क्षमतेवरून ठरवावे. प्रत्येक बैठक स्वयंपूर्ण असावी आणि प्रारंभी उजळणी व्हावी. शेवटची तिथी निश्चित असावी, तिच्याकडे जाणारे मार्ग एकाहून अधिक असावेत. अडचणी योजाव्यात, उत्तरे योजू नयेत. टिपणवही संहितेसारखी नसून बाडासारखी असावी.

मराठी विभागांत कथनशास्त्र शिकविताना पाश्चात्त्य संज्ञा आधी व स्वकीय उदाहरणे नंतर, असा क्रम बहुधा असतो. तो उलटा करणे शक्य आहे. सहा-सात तासिकांत विद्यार्थ्यांच्या एका गटाने एखादी कथा अशा रीतीने खेळून पुरी केली, आणि नंतर तिच्याशेजारी नामदेवांची त्रयी वाचली, तर रचना म्हणजे काय हे व्याख्येवाचून उमगेल. शिक्षकाला मात्र त्या काळात उत्तर माहीत असण्याचा हक्क सोडून द्यावा लागेल. वर्गातील व्यवहार पाहता खरी अडचण तीच आहे.