डोळ्यांची मंद चाल

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि आर. के. स्वामी यांचा 'ब्रेन' नियतकालिकातला 1971 सालचा निबंध वाचताना पहिला मुक्काम शीर्षकाशीच पडतो. पिढीजात तोलभ्रंशाचा एक नवा प्रकार, त्यात डोळ्यांच्या मंद हालचाली, आणि कंसात नऊ कुटुंबे. नऊ रुग्ण म्हटले नाही. आनुवंशिक आजार तपासायचा तर पलंगावरच्या माणसामागे त्याची आई, काका, आजोबा उभे करावे लागतात, हे त्या कंसातच सांगून टाकले आहे.

लहान मेंदू झिजत जाऊन तोल सुटण्याच्या आजारांत तेव्हा मोठा गोंधळ होता. चाल अडखळते, जीभ जड होते, हात थरथरतो. सगळ्या कुटुंबांत चित्र सारखेच. वर्गवारीचा भर शवविच्छेदनावर, म्हणजे उत्तर मिळायचे ते रुग्ण गेल्यावर. वाडियांनी पायांवरची नजर काढून डोळ्यांवर ठेवली. डावीकडून उजवीकडे पाहताना आपली बुबुळे झेप घेतात. त्या झेपेला सॅकेड म्हणतात. या रुग्णांत झेपेचा वेग उरतच नाही, बुबुळ सरपटत जाते. पुष्कळदा रुग्ण मान फिरवून किंवा पापणी मिटून ती उणीव भरून काढतो, म्हणून घरच्यांना काही जाणवत नाही. झेपेची आज्ञा लहान मेंदूबाहेरच्या मस्तिष्कसेतूतल्या पेशी देतात. म्हणजे बिघाड लहान मेंदूपुरता नाही, हे या एका खुणेने जिवंत माणसात दाखवता येते. निबंधाचे खरे सौंदर्य मला इथे दिसते.

आणि ही तपासणी करायला लागते काय? दोन बोटे. मान स्थिर धरायला सांगायची आणि आळीपाळीने या बोटाकडून त्या बोटाकडे पाहायला लावायचे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे जमते तसे गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यातही जमेल. पूर्व विदर्भात सिकलसेलमुळे आनुवंशिकतेचे गणित लोकांना ठाऊक आहे: आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर आजार. वाडियांच्या या आजाराचे गणित अधिक कठोर. एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो, आणि प्रत्येक अपत्याला धोका निम्मा.

वाडियांचा जन्म 1925 चा, सुरतेचा. लंडनला ते रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकले. हेच गुरू 'ब्रेन'चे संपादकही होते, आडनाव आणि नियतकालिक दोन्ही तेच! पुढे वाडियांनी मुंबईत डोळ्यांच्या साथीनंतर येणाऱ्या लकव्यावर आणि मानेच्या मणक्यांच्या जन्मजात विकारावरही मोलाचे काम केले. तरी माझे मत असे की त्यांची कारागिरी या नऊ कुटुंबांतच पाहावी.

'नवा प्रकार' हा दावा धाडसी होता. एवढ्या एका खुणेवर आजार वेगळा ठरवायचा का, अशी शंका वाचकाला येतेच, आणि ती रास्त आहे; मंद झेप पुढे अशा इतर काही आजारांतही आढळली. पण 1996 साली या आजाराचे बाराव्या गुणसूत्रावरचे जनुक सापडले. त्यात सीएजी हा तुकडा बहुतेकांत 22 वेळा येतो. साधारण 33 च्या पुढे गेला की आजार होतो. तुकडे वाढतील तसा आजार लवकर गाठतो, म्हणून बापापेक्षा मुलगा तरुणपणीच आजारी पडलेला दिसतो. या आजाराला आता एससीए-2 म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या वाडियांनी 1998 साली पुन्हा 'ब्रेन'मध्येच सहा भारतीय घराण्यांचा जनुकीय अभ्यास सहकाऱ्यांसह मांडला, आणि शीर्षकात मंद झेपेचे महत्त्व आवर्जून नोंदवले. आपल्याच जुन्या निरीक्षणाला सत्ताविसाव्या वर्षी प्रयोगशाळेच्या कसोटीला लावण्याची संधी फार थोड्यांना मिळते, आणि ती घेण्याची उमेद त्याहून थोड्यांत असते.

2012 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 2016 साली ते गेले. आजार बरा करणारे औषध अजून नाही. पण निदान व्हायलाच हवे; तोल जाणाऱ्या माणसाला गावात दारुडा ठरवायला वेळ लागत नाही. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर आधी त्याच्या आईवडिलांची चाल कशी होती ते विचारा आणि त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या.